परभणीतल्या नव्या घरात गाडी चार्जिंगची सोय: बांधकामापासूनच्या नोंदी

वसमत रोडला घर बांधायलोय. नोकरी जिंतूरला, जाऊन-येऊन रोजचे नव्वदच्या आत किलोमीटर, पेट्रोलमध्ये पगाराचा बरा तुकडा जातोय म्हणून घर झालं की गाडी इलेक्ट्रिकच घ्यायची हे घरात ठरलंय. चार्जिंगचं काम बांधकामाबरोबर केलं तर स्वस्तात होतं, नंतर म्हणजे फोडाफोडी. ज्यांचं प्लिंथ-स्लॅब चालू आहे त्यांनी पहिल्यापासून वाचा, घर तयार असलेल्यांनी थेट मे महिन्याच्या नोंदी बघितल्या तरी चालतंय.

१८ ऑगस्ट २०२४

आज नुसता हिशोब. छोटी गाडी धरली तर नव्वद किलोमीटरला बॅटरीतून बारा-एक युनिट जातात, चार्ज होताना थोडी वीज वाया जाते म्हणून मीटरवर तेरा-चौदा पडतात. ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरला हे चार-साडेचार तासांचं काम, म्हणजे रात्री दहाला लावली तर अडीचच्या आत गाडी तयार. शोरूमवाला ७.२ चा भिंतीवरचा चार्जर घ्याच म्हणून मागं लागलाय, पण रोजच्या वापराला त्याची गरज मला तरी दिसत नाही.

तरी पण वायर मात्र ७.२ च्या हिशोबानं टाकायची. काहून की चार्जर केव्हाबी बदलता येतो, स्लॅबमधला पाइप बदलता येत नाही. ७.२ किलोवॅट म्हणजे सिंगल फेजवर ३२ अँपिअर, अन् ते बी मिक्सरसारखं दोन मिनिटं नाही, सलग पाच-पाच तास. घरात एसी, गिझर अन् बोअरची दीड एचपीची मोटर, हे सगळं ४० अँपिअरच्या सिंगल फेज कनेक्शनवर बसत नाही. थ्री फेजच घ्यायचं. कंत्राटदार म्हणला एवढ्या घराला थ्री फेज काहून, चक्की टाकायची का?

१ सप्टेंबर

जागेवरून घरात वादावादी. मीटर अन् मेन बोर्ड आग्नेयेलाच पाहिजे असं अण्णांचं म्हणणं, वास्तूत तसंय म्हणे. पार्किंग निघालं वायव्येला. म्हणजे घराचे दोन विरुद्ध कोपरे, टेपनं मोजलं तर वायरचा रस्ता २८ मीटर. अण्णांसमोर व्होल्टेज ड्रॉप (लांब वायरीत व्होल्ट कमी होत जातात ते) चालत नाही, त्यामुळं मीटर आग्नेयेलाच.

मग वायर जाड घ्यावी लागणार. ३२ अँपिअरला २८ मीटरवर ६ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरमध्ये साडेसहा व्होल्ट पडतात, १० च्या वायरमध्ये चारच. पुस्तकात २३० व्होल्ट असतात म्हणून साडेसहा किरकोळ वाटतात, आमच्याकडं संध्याकाळी मोटरी चालू झाल्या की भाड्याच्या घरात २०५ दिसतात. १० चीच घेणार.

दुसरी गोष्ट, चार्जिंग पॉइंट गेटजवळच्या पश्चिमेच्या भिंतीवर दाखवला होता तो काढून जिन्याखालच्या भिंतीवर घेतला. पश्चिमेची भिंत परभणीच्या मे महिन्यात रात्री नऊलाबी हात लावू देत नाही, तिथं बसवलेला चार्जर तापून स्वतःच करंट कमी करणार. अन् पॉइंट भिंतीच्या मधोमध ठेवा, कारण काही गाड्यांचं चार्जिंगचं तोंड पुढं नाकावर असतं अन् काहींचं मागं, पेट्रोलच्या झाकणाच्या जागी. आज एक गाडी आहे, उद्या दुसरी येईल, वायर पोचली पाहिजे.

२४ सप्टेंबर

अर्थिंगचा खड्डा झाला. वायरमननं नेहमीच्या पद्धतीनं पाइप उभा केला, कोळसा-मीठ भरलं, वरून पाणी. मग फेज अन् अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून दाखवला, लख्ख पेटला. "बगा सर, एक नंबर अर्थिंग." पावसाळा नुकताच सरतोय, काळ्या मातीत पाय रुततोय अशी ओल. पैसे देऊन टाकले. हा बल्ब लक्षात ठेवा.

११ जानेवारी २०२५

स्लॅबच्या आदल्या दिवशी वर जाऊन बघितलं ते बरं झालं. सगळीकडं बांधतात तोच पाऊण इंची पाइप चार्जिंगच्या लाइनलाबी बांधलेला. त्यात १० च्या तीन वायरी ओढता ओढता माणूस रडतो, अन् पुढं कधी ११ किलोवॅटची थ्री फेज चार्ज होणारी गाडी आली (महिंद्राच्या नव्या मोठ्या गाड्या तशा आहेत) तर पाच वायरी लागतील. सव्वा इंची पाइप मागवला, सळईला परत बांधून घेतला. सोबत एक रिकामा पाऊण इंची पाइप गच्चीवरून मेन बोर्डापर्यंत, सोलरसाठी. खर्च हजाराच्या आत.

पाइपाचे काटकोनी एल्बो मात्र दोन ठिकाणी तसेच राहिले, लांब बेंड दुकानात नव्हते अन् काँक्रीटची गाडी सकाळी सहाला येणार होती.

९ मार्च

एल्बोनं दगा दिला. वायर ओढायला घेतली, स्प्रिंग पहिल्या एल्बोतून गेली, दुसऱ्यात अडकली ती अडकलीच. पाइपला टाल्कम पावडर, वायरीला साबण, दोन पोरं इकडून ढकलायली अन् एक तिकडून ओढायलाय, वायरीचं वरचं कव्हर सोलायला लागलं तेव्हा थांबवलं. शेवटी बीमच्या बाजूला छताचं ताजं प्लास्टर हातभर फोडलं. आत बघितलं तर एल्बोच्या जोडाला सोल्युशनच लावलेलं नव्हतं, काँक्रीटचं दूध आत शिरून घट्ट झालेलं. तो तुकडा कापून तिथं जंक्शन बॉक्स दिला, मग वायर दहा मिनिटांत गेली. अख्खा दिवस, वायरमनची मजुरी अन् गवंड्याचा परत अर्धा दिवस.

जंक्शन बॉक्समध्ये जोड दिलेला नाही, वायर अखंड आहे, बॉक्स फक्त ओढण्यापुरता. एवढा करंट तासन् तास जाणार असेल तर मधे जोड नकोच. नव्वद मीटरचं एक बंडल फेज, न्यूट्रल, अर्थ मिळून जवळपास पूर्ण संपलं. तेरा हजाराच्या पुढं गेलं बंडल, तांब्याचे भाव विचारू नका.

४ मे

थ्री फेज मीटर बसलं. आपली गाडी यायला अवकाश आहे म्हणून शाळेतल्या एका सरांना त्यांची गाडी अन् चार्जर घेऊन बोलावलं. जिन्याखाली १६ अँपिअरच्या सॉकेटला लावला, हिरवी लाईट आली, आम्ही चहाला आत गेलो, बाहेर येऊन बघतो तर लाल. काढून लावला, परत लाल. त्यांच्या घरी हाच चार्जर नीट चालतोय.

वायरमन आला. म्हणला सर टेन्शन घेऊ नका, या चार्जरला अर्थिंग लई लागतंय, आपण सॉकेटमध्येच न्यूट्रल अन् अर्थ जोडून टाकू, लाल लाईट जाती, मी तीन-चार घरी केलंय. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन सॉकेट उघडायला लागलाबी होता.

नाही करू दिलं. हे काहून करू नये ते नीट सांगतो, कारण हा उपाय गावोगावी चालू आहे अन् लाल लाईट खरंच जाते. अर्थची वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. सॉकेटमध्ये न्यूट्रल तिला जोडला अन् उद्या खांबापासून सॉकेटपर्यंत कुठं बी न्यूट्रल तुटला, की फेजचा करंट चार्जरमधून फिरून न्यूट्रलच्या वायरीवर येतो, तिथून अर्थवर, तिथून गाडीच्या बॉडीवर. सकाळी दाराचं हँडल धरणारा माणूस पाय ओल्या फरशीवर ठेवून उभा असतो. आमच्याकडं वारा-वावधान झालं की न्यूट्रल तुटणं काही नवीन नाही. चार्जर लाल होऊन जे सांगायलाय ते बंद करायचा हा प्रकार आहे.

११ मे

मल्टिमीटर घेऊन बसलो. न्यूट्रल अन् अर्थच्या मधे बोअरची मोटर बंद असताना चार व्होल्ट, मोटर चालू केली की अकरा. दोन-तीनच्या आत पाहिजे.

ओळखीच्या सोलरवाल्याकडून अर्थ टेस्टर आणला. दोन खिळे जमिनीत ठोकायचे असतात, माती इतकी वाळलेली की खिळा वाकला, तांब्यानं पाणी ओतून मग ठोकले. रीडिंग २२ ओहम. पाचच्या आत पाहिजे असतं.

आता बल्बाकडं या. शंभरचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. अर्थिंग २२ ओहमचं असलं तरी त्याचे नऊ-दहा व्होल्टच कमी होतात, बाकी दोनशेवीस बल्बाला मिळतात, तो लख्ख पेटणारच! पण खरंच फेज बॉडीला लागला तर २२ ओहममधून दहाएक अँपिअर जाणार, त्यानं ना १६ चा एमसीबी पडणार ना ३२ चा, बॉडीत करंट तसाच बसून राहणार. बल्बाची टेस्ट अर्थिंगची वायर जोडलेली आहे का नाही एवढंच सांगते, अर्थिंग कसं आहे ते नाही.

अन् सप्टेंबरपासून मेपर्यंत झालं काय, तर काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. खड्ड्याच्या कडेनं बोट जाईल एवढी भेग होती, पाइप अन् माती यांची गाठच नाही. मीठ निम्मं पावसात वाहून गेलेलं अन् उरलेल्यानं पाइपाला गंज धरलेला. अर्थिंगचं रीडिंग मेमध्येच घ्यायचं, पावसाळ्यातल्या रीडिंगवर मराठवाड्यात विसंबू नये.

२० मे

आधी न्यूट्रल. तक्रार दिली, लाईनमन खांबावर चढला तर सर्व्हिस वायरच्या न्यूट्रलचा जोड नुसता पीळ मारलेला, काळा पडलेला. त्यानं कापून नवा कनेक्टर दाबला. घरात येऊन मोटर अन् चार्जिंग पॉइंट वेगवेगळ्या फेजवर घेतले, आधी एकाच फेजवर होते. आता मोटर चालू असताना न्यूट्रल-अर्थ तीन व्होल्ट. सरांची गाडी परत आणली. अर्धा तास चालली अन् लाल. म्हणजे दुखणी दोन होती, एक गेलं.

७ जून

नवीन अर्थिंग. तीन मीटरचा कॉपर बाँडेड रॉड, भोवती बेंटोनाइटवाली पावडर. ही पावडर ओल धरून ठेवते अन् फुगून मातीला चिकटून राहते, भेगांवर उपाय तोच. खड्डा छोट्या बोअरवाल्याकडून पाडून घेतला, वरचं सहा-सात फूट काळं, मग पिवळसर मुरूम, खालच्या मुरमात हाताला ओल लागत होती भर जूनमध्ये. जागा वॉशिंगच्या मोरीच्या बाजूला, पाणी मुरतंय तिथं. एका रॉडवर साडेसहा ओहम आलं. चार मीटर अंतरावर दुसरा रॉड टाकून पट्टीनं जोडला, साडेतीन. पाऊस अजून पडलेला नाही, म्हणून या आकड्यावर विश्वास आहे. दोन्ही मिळून मजुरीसकट चौदा हजार गेले. जुना खड्डा बुजवला.

संध्याकाळी गाडी लावली, रात्रभर हिरवी.

२९ जून

चार्जिंगचा वेगळा छोटा डीबी, म्हणजे एमसीबीची पेटी. यात ४० चा डबल पोल एमसीबी आहे, पण सध्या ३.३ चं सॉकेट चालवायचं म्हणून सॉकेटच्या आधी २० चा वेगळा एमसीबी दिलाय. सॉकेटची ताकद १६ ची, तिच्यावर ४० चा एमसीबी ठेवला तर सॉकेट जळेल, एमसीबी जागचा हलणार नाही.

आरसीसीबीसाठी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) मात्र नांदेड गाठावं लागलं. गाडीचा चार्जर डीसीचा, म्हणजे बॅटरीसारख्या एकाच दिशेच्या करंटचा, थोडा अंश मागं सोडू शकतो, त्यात साधा एसी टाइपचा आरसीसीबी आंधळा होतो. टाइप ए पाहिजे, ३० मिलीअँपिअरचा. इथल्या दुकानदाराचं म्हणणं सगळे सारखेच. ओळखायची खूण डबीवरच असते, एसी टाइपवर नुसती एक लाट काढलेली असते, ए वर लाटेखाली अर्धे अर्धे उंचवटे. भिंतीवरच्या चार्जरमध्ये डीसी गळती पकडायची सोय आतच आहे का ते कागदावर बघून घ्या, नसेल तर टाइप बी लागतो अन् तो लई महाग.

ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफबी टाकला. थ्री फेजच्या घरात मेन न्यूट्रल तुटला तर एखाद्या फेजवर तीनशेच्या वर व्होल्टेज चढतं, टीव्ही-फ्रिज जातात तसा गाडीचा चार्जरबी जाऊ शकतो.

१९ जुलै

गाडी आली. ३५ युनिटची बॅटरी, तोंड नाकावर, जिन्याखाली नाक करून लावायची. अण्णांनी चार्जरला हळद-कुंकू लावलं, कनेक्टरच्या पिनांवर लावू नका एवढंच म्हणलं.

पहिल्या रात्री दर तासाला उठून टेम्परेचर गननं सॉकेट बघितलं. बाहेर ३१, सॉकेटचं तोंड दोन तासांनी ६८! एमसीबी गार, वायर गार, फक्त सॉकेट. उघडलं तर १० ची जाड वायर सॉकेटच्या बारक्या टर्मिनलमध्ये निम्म्याच तारा बसल्यात, बाकीच्या वायरमननं कापून टाकलेल्या. सॉकेटजवळ ४ ची हातभर वायर घेतली, तिला लग (टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) लावले, डीबीच्या टर्मिनलवर १० ची संपवली. सॉकेटबी बदललं, भोकं घट्ट असलेलं भारी घेतलं. आता चार तासांनंतर ४४. तुमच्याकडं गन नसेल तर तासाभरानं प्लग काढून पिनांना हात लावून बघा, धरवत नसेल तर काहीतरी सैल आहे.

२४ ऑगस्ट

पहिलं पूर्ण महिन्याचं बिल. घराचे १७० अन् गाडीचे ३३० च्या वर. घरच्या मीटरवर आपली गाडी चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो, पण घरगुतीला दराचे स्लॅब आहेत, १००, ३००, ५०० युनिटांचे. गाडीमुळं आपण ५०० ओलांडतो अन् वरची युनिटं सगळ्यात महाग दरानं. तरी पेट्रोलपेक्षा निम्म्याहून कमीच पडतंय, पण शोरूममध्ये सांगितलेला किलोमीटरचा खर्च पहिल्या स्लॅबच्या दरानं काढलेला होता.

नव्या स्मार्ट मीटरला जुलैपासून दिवसा नऊ ते पाच दरात सवलत आहे. माझी गाडी नेमकी तेव्हा जिंतूरला उन्हात उभी असते. रविवारी अन् सुट्टीला दिवसा लावतोय.

१२ ऑक्टोबर

सोलर ३ किलोवॅट बसवलं. आमच्या उन्हात दिवसाला सरासरी बारा युनिट धरायला हरकत नाही, म्हणजे गाडीचं बरंचसं निघालं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, आधी पूर्ण पैसे भरावे लागतात, ती नंतर खात्यात येते. जानेवारीत टाकलेला रिकामा पाइप आज कामाला आला, भिंतीवरून एक वायर लोंबत नाही.

सोलरला तीन अर्थिंग वेगळे लागतात, डीसीचं, एसीचं अन् वीज पडण्याचं. कामगार वीजरोधकाचा रॉड माझ्या चार्जिंगच्या रॉडपासून दोन फुटांवर ठोकायला निघाले होते. वीज पडली तर तिला गाडीकडं जायचा रस्ताच तयार! कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला पाठवले.

१४ डिसेंबर

चार्जिंगचा म्हणून वेगळा काढलेला खर्च, थ्री फेजचं कोटेशन अन् सोलर सोडून: वायर तेरा, अर्थिंग चौदा, डीबी अन् आतला माल साडेसात, सॉकेट-लग-बॉक्स दीड, पाइप अन् फोडलेल्या प्लास्टरचं काम अडीच. अडतीस हजार पाचशे. जुन्या खड्ड्याचे अठ्ठावीसशे यात धरलेले नाहीत, ते गेले. ७.२ चा चार्जर घेतलेला नाही अन् पाच महिन्यांत त्याच्यावाचून अडलेलंबी नाही, एकदाच नांदेडहून रात्री उशिरा येऊन पहाटे परत निघायचं होतं तेव्हा ऐंशी टक्क्यांवर निघालो.

उंदरानं जिन्याखाली चार्जरची वायर कुरतडायला सुरुवात केलीय, पाव इंच कव्हर गेलंय, तांबं दिसत नाही अजून. तोपर्यंत चार्जर रात्री वापरून झाला की हुकाला उंच टांगायलोय, खाली जाळीचं दार करायला फॅब्रिकेशनवाल्याला माप दिलंय. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबतोय, एक तारखेला. रॉडचं रीडिंग परत मेमध्ये घेणार, सोलरचं नेट मीटर (घेतलेली अन् परत दिलेली वीज दोन्ही मोजणारं) अजून यायचंय, दोन्हीचे आकडे इथंच टाकतो.